इव्हँगेलियन: सव्विसाव्या भागातल्या टाळ्या आणि चित्रपटातला लाल समुद्र

'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा शेवट आणि त्याच कथेचा 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' या चित्रपटातला शेवट, या दोहोंविषयी हा धागा आहे. दोन्ही शेवट येथे पूर्णपणे उघड केले आहेत. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी आधी पाहून यावे. धागा कुठे पळून जात नाही.

मालिका टीव्ही टोकियो वाहिनीवर ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात, दर बुधवारी संध्याकाळी साडेसहा वाजता दाखवली गेली. निर्मिती प्रामुख्याने गाइनॅक्सची आणि दिग्दर्शन हिदेआकी आन्नो यांचे. वरवर पाहता ही चौदा वर्षांच्या मुलांनी 'इव्हा' नावाच्या महाकाय यंत्रमानवांत बसून अजस्र शत्रूंशी लढण्याची गोष्ट आहे, आणि पहिले चोवीस भाग ती तशी चालतेही. जसजसे पुढे जावे तसतशी लढाई मागे पडते आणि शिंजी इकारी या मुलाचे भेकडपण, त्याच्या बापाचा कोरडेपणा, त्याच्यासोबत लढणाऱ्या असुकाचा तोरा व त्याखालची भीती हेच समोर येत राहते. चोविसाव्या भागात शिंजीला आपल्या एकमेव जिवलगाला, कावोरूला, स्वतःच्या हाताने मारावे लागते. आता युद्धाचा निकाल लागणार अशा तयारीने प्रेक्षक पंचविसाव्या भागाला बसतो, तर समोर काळोख, एक खुर्ची, प्रकाशाचा एक झोत आणि "तू इव्हामध्ये का बसतोस?" हा प्रश्न. सव्विसाव्या भागात युद्ध नाही, शत्रू नाही, बऱ्याच वेळा रंगवलेले चित्रही नाही. शेवटी शिंजीला "मी इथे असलो तरी चालेल" असे उमगते, सगळी पात्रे त्याच्याभोवती कडे करून टाळ्या वाजवतात, एकेक जण "अभिनंदन" म्हणतो, शिंजी हसून "धन्यवाद" म्हणतो, आणि संपले.

याने जपानमध्ये जो गहजब झाला तो सर्वश्रुत आहे. पुढे १५ मार्च १९९७ रोजी एक अर्धवट चित्रपट आला आणि १९ जुलै १९९७ रोजी पूर्ण. या पूर्ण चित्रपटाचे दोन भाग आहेत, आणि त्यांचे क्रमांक सत्तावीस व अठ्ठावीस असे नाहीत. ते पुन्हा पंचवीस आणि सव्वीसच आहेत, फक्त आकड्याच्या खांद्यावर गणितात देतात तशी एक छोटी तिरपी रेघ आहे. ज्याला पुढचे सांगायचे असते तो पुढचा आकडा घेतो. येथे तोच आकडा पुन्हा घेतला आहे.

म्हणून "मालिकेचा शेवट रद्द करून चित्रपटाने खरा शेवट दिला" हे जे ठरीव वाक्य सर्वत्र ऐकू येते ते मला पटत नाही. दोन्हीकडे शिंजीसमोरचा प्रश्न एकच आहे: सगळ्या माणसांची मने एकमेकांत विरघळून जावीत आणि दुखणेच संपावे, की प्रत्येकाने आपापल्या कातडीत राहावे आणि दुखणे सोसावे? त्याचे उत्तरही दोन्हीकडे एकच आहे. तो वेगळे राहणे निवडतो. फरक आहे तो हे उत्तर ऐकून कोण काय बोलते यात.

मालिकेच्या अगदी शेवटी पडद्यावर जी अक्षरे येतात ती आठवा: वडिलांना धन्यवाद, आईला निरोप, आणि सर्व मुलांचे अभिनंदन. आता हे तीन वाक्यांश हातात धरून चित्रपट पाहा. आईचा निरोप तेथे शब्दशः आहे. शिंजी "येतो, आई" म्हणत नाही, "जातो" म्हणावे तसा कायमचा निरोप घेतो, आणि आई ज्या इव्हामध्ये सामावलेली आहे तो इव्हा अंतराळात एकटा दूर जातो. वडिलांचा प्रसंगही आहे, पण उलटा: गेंदो मरताना शिंजीची क्षमा मागतो, आणि ती ऐकायला शिंजी तेथे नसतो. तिसरा वाक्यांश मात्र चित्रपटात शोधून सापडत नाही. अभिनंदन करणारे कुणी नाही. लाल समुद्राचा किनारा आहे, पट्ट्या बांधलेली असुका शेजारी पडली आहे, शिंजी तिचा गळा दाबतो, ती हात उचलून त्याच्या गालावरून फिरवते, तो रडू लागतो, आणि ती शेवटचे दोन शब्द बोलते, ज्यांचा अर्थ 'किळस येते' असा काहीसा आहे. पडदा काळा होतो.

माझे म्हणणे एवढेच की मालिकेत टाळ्या वाजवणारे सगळे शिंजीच्या मनातले आहेत, आणि चित्रपटाच्या शेवटी बोलणारी असुका त्याच्या मनाबाहेरची पहिली व्यक्ती आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकविसाव्या भागात मारला गेलेला काजी आहे, कधीच इव्हात विरून गेलेली आई आहे, इतकेच काय, शिंजी जिच्या घरी राहतो त्या मिसातोचा पाळीव पेंग्विनही आहे. अशी सभा बाहेर कुठे भरू शकत नाही. आपणच आपली पाठ थोपटावी तसे ते आहे. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. चित्रपटात निर्णयानंतरची पहिली सकाळ आहे, आणि त्या सकाळी समोरचा माणूस टाळ्या वाजवत नाही.

जाणकारांनी आपापली मते सविस्तर मांडावीत, ही विनंती.

प्रतिसाद १

लेख आवडला. माझा अनुभव थोडा विचित्र आहे, पण विषयाला धरून आहे म्हणून लिहितो. दोन हजारच्या दशकात आमच्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाळ्यावरून मालिका फिरत असत. इव्हँगेलियनच्या फोल्डरमध्ये चोवीस भाग होते आणि त्यानंतर थेट चित्रपट. शेवटचे दोन भाग 'यात काही नाही, जागा जाते' म्हणून कुणीतरी पुण्यात्म्याने उडवले होते, हे मला पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर कळले. म्हणजे मी जवळजवळ सहा वर्षे इव्हँगेलियनचा भक्त होतो आणि टाळ्यांचा प्रसंग मला ठाऊकच नव्हता.

त्यामुळे मी एक साक्ष देऊ शकतो: सव्विसावा भाग न पाहता चित्रपट पाहिला, तर शिंजी परत का येतो हे कळत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला तो इतका खचलेला आहे की मिसातोला त्याला हाताला धरून अक्षरशः फरफटत न्यावे लागते. पडद्यामागून सूत्रे हलवणाऱ्या सेले या गुप्त संघटनेने पाठवलेले सैनिक, इव्हा चालवणाऱ्या नर्व्ह या संस्थेच्या मुख्यालयात शिरून दिसेल त्याला गोळ्या घालत आहेत आणि हा जिन्याखाली गुडघ्यांत डोके घालून बसला आहे. असा मुलगा तासाभराने सगळ्या मानवजातीच्या वतीने "मला पुन्हा इतर माणसे हवीत" असे सांगतो, आणि मधली पायरी आम्हाला दिसलीच नाही असे वाटत राहते. पुढे जेव्हा मूळचे पंचवीस व सव्वीस पाहिले तेव्हा ती पायरी तेथे ठेवलेली सापडली. तेव्हा धागाकर्त्यांच्या मुद्द्याला मी पाहण्याच्या उलट्या क्रमाने पाठिंबा देतो.

प्रतिसाद २

मी या मांडणीशी असहमत आहे, आणि ते जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे.

मालिकेच्या शेवटाला 'पुरेसा नाही' असे म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. २७ मार्च १९९६ पासून पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा महिने, दुसरा पूर्ण शेवट अस्तित्वात नव्हता. ज्या मुलांनी तो बुधवारी संध्याकाळी घरी बसून पाहिला त्यांच्यासाठी तोच शेवट होता. नंतर आलेल्या कृतीने आधीच्या कृतीत पोकळी निर्माण करायची आणि मग आपणच ती भरली म्हणून मिरवायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

दुसरे असे की सव्विसाव्या भागात चित्रणाच्या अंगाने जे घडते त्याच्या तोडीचे चित्रपटात, त्याची भव्यता मान्य करूनही, मला काही दिसत नाही. एक प्रसंग सांगतो. पडदा पूर्ण पांढरा आहे आणि त्यात पेन्सिलीने काढलेला शिंजी तरंगतो आहे. त्याला सांगितले जाते की हे संपूर्ण स्वातंत्र्य आहे, येथे तुला कुणी अडवणारे नाही. पण काहीच नसल्याने त्याला काय करावे ते सुचत नाही. मग त्याच्या खाली एक आडवी रेघ ओढली जाते. ती झाली जमीन. एका रेघेने वर आणि खाली निर्माण झाले, म्हणजे त्याचे स्वातंत्र्य तेवढे कमी झाले; पण आता तो उभा राहू शकतो, चालू शकतो. जगाने घातलेले बंधन आणि जगाने दिलेला आधार या एकच गोष्टी आहेत, हे सांगायला या माणसाने एक रेघ वापरली आहे. चित्रपटात हेच सांगायला शिंजीची सहकारी रेई पृथ्वीएवढी करून उभी करावी लागली, क्रूस लागले, रक्त लागले आणि समुद्र लाल करावा लागला.

तिसरे, किनाऱ्यावरचा गळा दाबणे. ज्याने मनोमन 'मी इतरांसोबत राहीन' असे ठरवले, तो डोळे उघडताच शेजारच्या मुलीचा गळा धरतो. ही निर्णयानंतरची पहिली सकाळ असेल तर निर्णय झालाच नाही असे म्हणावे लागेल. मला तो प्रसंग प्रेक्षकांवर काढलेला राग वाटतो. आम्हाला टाळ्या आवडल्या नाहीत ना, मग हे घ्या.

धागाकर्त्याचे उत्तर

रेघेच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. मूळ लेखात तो घ्यायला हवा होता.

पण 'नंतर निर्माण केलेली पोकळी' हे मला मान्य नाही, कारण तिची खूण मालिकेतच आहे. पंचविसाव्या भागात क्षणभर दोन चित्रे येऊन जातात: भिंतीपाशी रक्ताने माखून पडलेली मिसातो आणि पाण्यात तरंगणारी नर्व्हची शास्त्रज्ञ रित्सुको. मालिकेत या दोघींना कोणी मारले, केव्हा मारले याचा पत्ता नाही. चित्रपटात दोघींचेही मरण सविस्तर दाखवले आहे. शिवाय सव्विसाव्या भागाच्या आरंभी पडद्यावर लिहून येते की साल २०१६ आहे, माणसांच्या मनांची पूर्ती चालू आहे, पण ती सगळी सांगायला वेळ अपुरा आहे, म्हणून शिंजी नावाच्या एका मुलापुरते सांगतो. बाहेर बरेच काही घडते आहे आणि आम्ही ते दाखवत नाही, असा हा उघड कबुलीजबाब आहे. पोकळी आखून ठेवली होती. भरायला पुढे संधी मिळाली.

गळा दाबण्याबद्दल नंतर लिहितो, त्याचा विचार करावा लागेल.

प्रतिसाद ३

मी काही वर्षे जपानी शिकले आहे आणि भाषांतराची कामे करते, म्हणून फक्त शब्दांपुरते लिहिते.

असुकाचे शेवटचे शब्द 'किमोची वारुई' असे आहेत. इंग्रजी उपशीर्षकांत 'डिसगस्टिंग' असे येते आणि त्यावरून धागाकर्त्यांनी 'किळस येते' असे केले आहे. ते चुकीचे नाही, पण एकांगी आहे. 'किमोची' म्हणजे वाटणे, जिवाची अवस्था. 'वारुई' म्हणजे वाईट. बसमध्ये मळमळू लागले तरी जपानी माणूस हेच म्हणतो, आणि अंगचटीला येणाऱ्या माणसाविषयीही हेच म्हणतो. इंग्रजीला यातले एक निवडावे लागते. मराठीला निवडावे लागत नाही, कारण आपल्याकडे 'कसंतरीच होतंय' आहे. पोटात ढवळणे, शिसारी, अवघडलेपण, आणि नक्की काय होते आहे ते सांगता न येणे, हे सगळे त्यात येते. असुका "शी, कसंतरीच होतंय" असे म्हणाली असे धरून तो प्रसंग पुन्हा पाहा. तो तितका क्रूर राहत नाही. नुकताच देह परत मिळालेल्या माणसाला पहिल्यांदा काय जाणवेल, तर कसेतरीच होणे.

ही ओळ मुळात अशी नव्हती. असुकाला आवाज देणाऱ्या युको मियामुरा यांनी सांगितले आहे की आधी लिहिलेल्या वाक्याचा आशय 'तुझ्यासारख्याच्या हातून मरणे मला मुळीच नको' असा होता. तो आन्नोंच्या मनासारखा उतरेना, तेव्हा त्यांनी मियामुरांनाच विचारले की झोपेत असताना एखादा अनोळखी माणूस खोलीत शिरलेला दिसला तर तुम्ही काय म्हणाल, आणि त्यावर त्यांच्या तोंडून हे दोन शब्द आले. म्हणजे धागाकर्त्यांच्या 'मनाबाहेरची पहिली व्यक्ती' या म्हणण्याला येथे चांगला आधार आहे. दिग्दर्शकाने स्वतःच्या मनातले वाक्य बाजूला ठेवून दुसऱ्या माणसाच्या तोंडून आपसूक आलेले वाक्य घेतले.

आता 'ओमेदेतो'. याला 'अभिनंदन' हाच प्रतिशब्द आहे, पण तो ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे चौकातला फ्लेक्स येतो. जपानीत तो शब्द वाढदिवसाला, नवीन वर्षाला, बाळ झाल्यावर, सगळीकडे चालतो. घरातल्या मोठ्यांनी 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणत औक्षण करावे, त्याच्या जवळचा तो भाव आहे. तू जन्मलास हे बरे झाले, असे. सव्विसाव्या भागात नेमके तेच म्हणायचे आहे.

एक अवांतर. सव्विसाव्या भागाच्या नावात 'आइ' हा शब्द मुद्दाम चित्रलिपीत न लिहिता नुसत्या उच्चाराच्या अक्षरांत लिहिला आहे, जेणेकरून जपानी वाचकाला 'प्रेम' आणि इंग्रजीतला 'मी' असे दोन्ही ऐकू यावेत. मराठी कानाला त्यात तिसराच शब्द ऐकू येतो, आणि शिंजीचा इव्हा मुळात कोण आहे हे माहीत असल्यावर तो तिसरा शब्द अगदी चपखल बसतो. आन्नोंना हे कुणीतरी कळवायला हवे.

प्रतिसाद ४

सगळे जीव आपापली सीमा सोडून एका समुद्रात विरघळतात, ही कल्पना म्हणजे आपले अद्वैतच नव्हे काय? मग शिंजीने ते नाकारणे म्हणजे हातातला मोक्ष टाकून देणे झाले. आपल्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला हा शेवट पराभवाचा वाटावा, यात नवल नाही.

प्रतिसाद ५

वरील प्रतिसादाशी मतभेद नोंदवतो. अद्वैतात जीव मुळातच वेगळा नसतो, तो वेगळेपणाचा भ्रम जातो. इव्हँगेलियनमध्ये माणसे खरोखर वेगळी आहेत. प्रत्येकाभोवतीचे एटी फील्ड ही भिंत खरी आहे आणि ती पाडली की माणूस नारिंगी द्रव होऊन सांडतो. मागे कपडे तेवढे उरतात. शिवाय या योजनेमागची प्रेरणा ज्ञान नाही, भीती आहे. एकटेपणा सोसत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून एक व्हायचे, असा तो सेलेच्या म्हाताऱ्यांचा कारभार आहे. मूळ जपानी शब्द 'होकान' म्हणजे उणे असलेले भरून काढणे. भाषांतरकार ताईंनी दुजोरा द्यावा.

आणि परंपरेचेच म्हणाल, तर मुक्ती नको, पुन्हा खुशाल गर्भवासाला घाल, असे देवाकडे मागणारे तुकोबा आपल्याच परंपरेतले आहेत. वेगळे राहिल्याशिवाय प्रेम करता येत नाही, हे त्यांना शिंजीच्या किती तरी आधी ठाऊक होते. फरक एवढाच की तुकोबांनी सोबत संतसंगही मागून घेतला होता. शिंजीच्या वाट्याला संतसंग नाही, असुका आहे.

प्रतिसाद ३ लिहिणारीचे उत्तर

'होकान'ला दुजोरा आहे. अपुऱ्या भागाला जोड देऊन ते पुरे करणे, असा अर्थ होतो. मी 'पूर्ती' वापरेन. शेवटच्या वाक्याला मनापासून हसले.

प्रतिसाद ६

येथे सर्व चर्चा अर्थाची चालली आहे, म्हणून मी कारागिरीच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो. मी स्वतः चित्रफिती संकलनाच्या कामात आहे.

सव्विसाव्या भागात संहितेची पाने, रेखाटने, रस्त्यांची छायाचित्रे, आधीच्या भागांतले तुकडे हे सगळे वापरले आहे, त्यावरून वेळ कमी पडला होता हे कुणालाही कळते. पण वेळ कमी पडला म्हणून असे केले, एवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे. बाविसाव्या भागात असुका आणि रेई उद्वाहकात उभ्या आहेत आणि जवळजवळ मिनिटभर चित्र हलत नाही. चोविसाव्यात इव्हाच्या मुठीत कावोरू आहे, मागे बेथोव्हनची नववी सिंफनी चालू आहे, आणि पुन्हा मिनिटभराहून अधिक काळ चित्र स्थिर. काटकसर ही या मालिकेत भाषाच होऊन बसली होती. प्रेक्षकाला त्या स्तब्धतेत कोंडून ठेवणे जमले होते, त्याचीच पुढची पायरी शेवटच्या दोन भागांत आहे.

चित्रपटात पैसा आहे, वेळ आहे, प्रॉडक्शन आय.जी.ची साथ आहे, आणि पहिल्या भागाचे दिग्दर्शन काझुया त्सुरुमाकी यांच्याकडे आहे. असुकाची नऊ इव्हांशी झुंज हे हाताने काढलेल्या जपानी अ‍ॅनिमेशनचे एक शिखर आहे, आणि तिच्याखाली बाखची संथ सुरावट वाजत ठेवली आहे. यंत्राच्या वजनाचा इतका भार मी इतरत्र क्वचित पाहिला आहे. तरीही आन्नोंनी शेवटाकडे जाताना ते सगळे वैभव बाजूला सारले आणि पुन्हा सव्विसाव्या भागाकडेच वळले: खरे रस्ते, खरी माणसे, आणि एका क्षणी तर चित्रपटगृहात बसलेले प्रेक्षकच पडद्यावर. हाती सगळी साधने असतानाही तो माणूस रेघा, छायाचित्रे आणि अक्षरे यांकडेच परत आला, यावरून पहिला शेवट निव्वळ नाइलाज नव्हता, असे मला वाटते.

श्रेयनामावलीही पाहा. ती चित्रपटाच्या शेवटी नाही; दोन भागांच्या मधोमध आहे. त्यामुळे असुकाच्या शेवटच्या शब्दांनंतर आपल्याला सावरायला गाणे नाही, नावे नाहीत. दिवे लागतात आणि घरी जायचे. मालिकेत उलट आहे. तेथे शेवटची अक्षरे प्रेक्षकाला हात धरून दारापर्यंत सोडायला येतात.

प्रतिसाद ७

धाग्याची वाचनखूण साठवली आहे. पुढे नव्याने काढलेल्या चित्रपटमालिकेतल्या चौथ्या, २०२१ च्या चित्रपटातही तोच किनारा पुन्हा येतो आणि शेवट आन्नोंच्या जन्मगावच्या, उबेच्या, खऱ्या रेल्वे स्थानकाबाहेर होतो, एवढे फक्त नोंदवतो. त्यावर स्वतंत्र धागा निघावा.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचे उत्तर

पंचविसाव्या भागातल्या त्या दोन चित्रांचा मुद्दा मान्य करतो. मी आज ती पुन्हा पाहिली. ती इतकी झटकन जातात की मी आजवर त्यांना मिसातोच्या मनातली भीती समजत होतो.

गळा दाबण्याचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

त्यावर दोन दिवस विचार केला. माझ्या मूळ मांडणीत एक ढिलेपणा होता, तो कबूल करतो. निर्णय घेतला म्हणजे माणूस बदलला असे मी नकळत धरून चाललो होतो.

चित्रपटात शिंजी असुकाचा गळा दोनदा धरतो. पहिला प्रसंग स्वयंपाकघरातला आहे, आणि तो त्याच्या मनातला आहे. तो तिच्याकडे मदतीची भीक मागतो, टेबल उलथवतो, कॉफी जमिनीवर सांडते, आणि ती थंडपणे "नाही" म्हणते. हा नकार ऐकून तो तिचा गळा धरतो, आणि तेथून मानवजातीचे विरघळणे सुरू होते. दुसरा प्रसंग किनाऱ्यावरचा. हात तेच, गळा तोच. त्याअर्थी मुलगा बदललेला नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. बदल समोरच्या बाजूला आहे. मनातली असुका फक्त 'नाही' म्हणू शकत होती, कारण शिंजीला तिच्याकडून तेवढीच अपेक्षा होती. किनाऱ्यावरची असुका त्याच्या अपेक्षेत नसलेली गोष्ट करते: गालावरून हात फिरवते. आणि लगेच, तेही त्याच्या अपेक्षेत नसताना, कसेतरीच होते आहे असे सांगते. माया आणि शिसारी एकाच माणसाकडून एकाच मिनिटात. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही हे जमले नसते. ते सगळे एका सुरात होते. तेव्हा प्रेक्षकांवरचा राग त्यात असेलही, पण शिंजीचे हात थांबतात ते त्या स्पर्शाने, हेही तेथेच आहे.

गेल्या शनिवारी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीला मी दोन्ही शेवट लागोपाठ दाखवले, आधी मालिकेचा आणि मग चित्रपटाचा. पंचविसाव्या भागात मिसातोचे ते चित्र येताच तिने लगेच थांबवून मागे नेले आणि "मामा, हिला कोणी मारलं?" असे विचारले. मला ते चित्र दिसायला चार वर्षे आणि तीन आवर्तने लागली होती. चित्रपट संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मी असुकाविषयी काहीतरी सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिने पेंग्विनचे पुढे काय झाले ते विचारले. चोविसाव्या भागात मिसातो त्याला शिंजीच्या वर्गमैत्रिणीच्या घरी पाठवून देते, इतके मी सांगितले. चित्रपटात तो मला कुठे दिसल्याचे आठवत नाही. तेव्हा आता रविवारी ती सगळे पुन्हा पाहणार आहे, पेंग्विनसाठी.